पुढाऱ्याच्या वर्णद्वेषाचा निर्णय कसा करावा?

परदेशच्या कोणा पुढाऱ्याचें एखादें वाक्य वर्तमानपत्रांत छापून आलें कीं आपल्या घरोघरीं जेवणाच्या वेळीं वाद सुरू होतो. तरुण मंडळी म्हणतात, "हा मनुष्य वर्णद्वेष्टा आहे, ह्यांत शंकाच नको." वडील मंडळी म्हणतात, "एका शब्दावरून एवढा मोठा आरोप करूं नये. बोलण्याची एकेकाची तऱ्हा असते." अर्ध्या तासानें पानें उचललीं जातात आणि दोन्ही पक्ष आपापल्या जागीं कायम राहतात. आम्हांस असें वाटतें कीं, येथें दोष कोणा एका पक्षाचा नसून पद्धतीच्या अभावाचा आहे. आरोप गंभीर आहे. तो खरा असेल तर लक्षावधि माणसांच्या अन्नावर व अब्रूवर त्याचा परिणाम होतो. खोटा असेल तर एका माणसाच्या नांवास कायमचा डाग लागतो. असल्या प्रश्नाचा निकाल आवडीनिवडीवर सोडून चालत नाहीं.

मनुष्याचें अंतःकरण कोणी पाहिलें आहे, असा आक्षेप येथें लागलीच निघतो. तो खरा आहे. परंतु ग्रंथकर्त्याचें अंतःकरणहि आपणांस दिसत नसतें. तरी त्याच्या ग्रंथाचें तात्पर्य आपण ठरवितोंच. आपल्या मीमांसकांनीं त्यासाठीं सहा खुणा सांगून ठेविल्या आहेत. आरंभ व शेवट ह्यांचा मेळ, म्हणजे उपक्रमोपसंहार. एकच गोष्ट पुनःपुन्हां येणें, म्हणजे अभ्यास. अन्यत्र न मिळणारें असें कांहीं नवें आणणें, म्हणजे अपूर्वता. त्यापासून होणारें फल. स्तुतिनिंदेचीं वाक्यें, म्हणजे अर्थवाद. आणि शेवटीं युक्तिवाद, म्हणजे उपपत्ति. ह्या खुणा शास्त्रवाक्यांकरितां आहेत, पुढाऱ्यांच्या भाषणांकरितां नाहींत, हें आम्ही जाणतों. तथापि मनुष्याच्या बोलण्याचें व करण्याचें एकत्रित तात्पर्य काढण्यास त्या कितपत उपयोगी पडतात, हें एका उदाहरणावरून पाहण्यासारखें आहे. उदाहरण मुद्दामच आजच्या धुमाळींतलें घेत नाहीं. ज्यांच्याविषयीं आतां कोणाला मत द्यावयाचें नाहीं कीं कांहीं मागावयाचें नाहीं, असे अमेरिकेचे अठ्ठाविसावे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन हे आमच्या विचारास अधिक सोयीचे आहेत.

विल्सन हे १९१३ पासून १९२१ पर्यंत अध्यक्ष होते. त्यापूर्वी १९०२ पासून १९१० पर्यंत ते प्रिन्स्टन विद्यापीठाचे प्रमुख होते. विद्वान, इतिहासकार, भाषाप्रभु अशी त्यांची ख्याति. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ च्या जानेवारींत, त्यांनीं आपलीं प्रसिद्ध चौदा कलमें जाहीर केलीं, आणि लहान राष्ट्रांना स्वतःचें भवितव्य स्वतः ठरविण्याचा हक्क असावा हा त्यांचा उद्घोष परतंत्र देशांत घुमूं लागला. आपल्याकडेहि तो ऐकूं आला होता. लोकमान्य टिळक १९१९ सालीं लंडनमध्यें असतां त्यांनीं पॅरिसच्या तह-परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो ह्यांस हिंदुस्थानची बाजू मांडणारें पत्र लिहिलें व त्याची प्रत विल्सन ह्यांसहि धाडली. अशा मनुष्यावर वर्णद्वेषाचा आरोप येतो, तेव्हां भल्याभल्यांची मति गोंधळते, ह्यांत नवल नाहीं.

अर्थवाद आणि विधि

प्रथम शब्द घेऊं. १९१२ च्या निवडणुकीच्या वेळीं विल्सन ह्यांनीं बिशप अलेक्झांडर वॉल्टर्स ह्या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांस पत्र लिहून कृष्णवर्णीयांस पूर्ण न्यायानें वागविण्याचें आश्वासन दिलें. त्यावर विश्वास ठेवून समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस व बोस्टनचे संपादक विल्यम मन्रो ट्रॉटर ह्यांच्यासारख्या कृष्णवर्णीय पुढाऱ्यांनीं त्यांना पाठिंबा दिला. हें पत्र आणि तीं चौदा कलमें हीं उत्तम वचनें आहेत. पण मीमांसक काय म्हणतात? अर्थवाद हा विधीला पोषक म्हणून घ्यावयाचा. तो स्वतः विधि नव्हे. पुढाऱ्याचें गोड वचन त्याच्या आज्ञेशीं, त्याच्या सहीशीं जुळत असेल, तरच त्याचें वजन. न जुळेल, तर वचन बाजूस ठेवून आज्ञा वाचावी.

हाच नियम वाईट शब्दांनाहि लागूं आहे. आणि येथें एक सावधगिरी अवश्य आहे. १९१५ च्या फेब्रुवारींत विल्सन ह्यांनीं राष्ट्राध्यक्षांच्या निवासांत 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा चित्रपट पाहिला. कृष्णवर्णीयांस हिंस्र व मूर्ख दाखविणारा आणि त्यांना दहशत घालणाऱ्या कू क्लक्स क्लान ह्या टोळीला वीर ठरविणारा असा तो चित्रपट होता. तो पाहून विल्सन ह्यांनीं स्तुतीचें एक चमकदार वाक्य काढलें, असें अनेक पुस्तकांत छापलेलें आढळतें. पण तें वाक्य त्यांच्या तोंडचें आहे असें खात्रीनें सांगतां येत नाहीं, असा इतिहाससंशोधकांचा अभिप्राय आहे. तेव्हां तें आम्ही पुराव्यांतून काढून टाकतों. आरोपास बळकटी येते म्हणून ऐकीव गोष्ट घेणें हा न्याय नव्हे. मात्र त्याच चित्रपटांतील पडद्यावरील मजकुरांत विल्सन ह्यांच्या १९०२ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन लोकांच्या इतिहासांतील उतारे दाखविले आहेत. तें पुस्तक त्यांचें, मजकूर त्यांचा, छापलेला व आजहि वाचतां येणारा. हा पुरावा टिकतो. शंकास्पद वाक्य गाळल्यानें आमची बाजू दुबळी होत नाहीं. उलट उरलें तें अधिक भक्कम होतें.

कचेरींतील पडदे

आतां कृति. विल्सन अधिकारावर येऊन महिना-सव्वा महिना झाला होता. ११ एप्रिल १९१३ च्या मंत्रिमंडळाच्या बैठकींत पोस्ट खात्याचे मुख्याधिकारी अल्बर्ट बर्लसन ह्यांनीं रेल्वेच्या टपाल-नोकरींतील गोऱ्या व कृष्णवर्णीय नोकरांस वेगळें करण्याची गोष्ट काढली. अध्यक्षांनीं तिला हरकत घेतली नाहीं. थोड्याच महिन्यांत पोस्ट खातें व खजिन्याचें खातें ह्यांतील कचेऱ्यांतून कृष्णवर्णीय कारकुनांचीं मेजें वेगळीं झालीं, मध्यें पडदे उभे राहिले, जेवणाच्या व शौचाच्या जागा निराळ्या झाल्या. त्याच वर्षीं ड्यू बॉइस ह्यांनीं आपल्या 'क्रायसिस' मासिकांत अध्यक्षांस अनावृत पत्र लिहिलें. एका कारकुनाचें काम असें होतें कीं त्याला दुसरीकडे हलवितां येईना. तेव्हां वर्षानुवर्षांच्या गोऱ्या सहकाऱ्यांपासून त्याला तोडण्यासाठीं त्याच्याभोवतीं पिंजरा उभारण्यांत आला, असें त्यांनीं त्यांत नमूद केलें. पुढें १९१४ सालीं सरकारी नोकरीच्या उमेदवारांनीं अर्जासोबत आपलें छायाचित्र पाठविलें पाहिजे असा नियम झाला. परीक्षेंत मिळविलेले गुण चेहऱ्यावरून पुसले जाण्याची सोय ह्यानें झाली.

येथें पूर्वपक्ष असा येतो: "तो काळच तसा होता. त्या काळचा मनुष्य त्या काळच्या मापानेंच मोजावा." हा आक्षेप आमच्या पिढीच्या लोकांस विशेष प्रिय आहे, व तो सर्वस्वी खोटाहि नाहीं. ह्याचें उत्तर अपूर्वता ह्या खुणेनें मिळतें. प्रश्न असा विचारावा कीं, ह्या मनुष्यानें चालत आलेलें नुसतें चालूं ठेविलें, कीं नसलेलें नवें आणलें? अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ सालीं संपलें. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षें वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत गोरे व काळे कारकून बहुधा एकाच दालनांत बसून काम करीत आले होते. विल्सन ह्यांच्या आधीचे अध्यक्ष टॅफ्ट ह्यांच्या कारकीर्दींत कोठें कोठें भेदाची सुरुवात झाली होती हें खरें. पण एकेका खात्याची सर्रास रीत म्हणून तो पसरला तो विल्सन ह्यांच्या अमलांत. म्हणजे काळाचा प्रवाह त्यांना वाहवून घेऊन गेला असें नव्हे. उघडें असलेलें दार त्यांच्या माणसांनीं बंद केलें, आणि त्यांनीं बंद होऊं दिलें.

शिवाय "तो काळ" म्हणजे कोणाचा काळ? त्याच १९१३ च्या उन्हाळ्यांत ऑस्वाल्ड गॅरिसन व्हिलार्ड ह्या गोऱ्या संपादकांनीं अध्यक्षांस ह्या भेदनीतीविषयीं निषेधाचें पत्र पाठविलें होतें. ड्यू बॉइस लिहीत होते. ट्रॉटर सह्या गोळा करून अध्यक्षांच्या भेटीस येत होते. हे सर्व त्याच काळचे, त्याच देशाचे, त्याच भाषेंत बोलणारे लोक होते. काळाला जर तोंड असेल, तर तें केवळ अधिकाऱ्यांचेंच कां समजावें?

उपपत्ति आणि तिची कसोटी

व्हिलार्ड ह्यांस दिलेल्या उत्तरांत विल्सन ह्यांनीं असें कारण दिलें कीं, ही व्यवस्था कृष्णवर्णीयांच्याच हिताची आहे. तिनें संघर्ष टळेल व त्यांना त्रास कमी होईल. आमच्या मतें सबंध प्रकरणांत बारकाईनें पाहण्यासारखी गोष्ट हीच आहे. विल्सन हे शिवीगाळ करणारे गृहस्थ नव्हते. कोणाचा द्वेष करीत आहों असें त्यांना स्वतःलाहि वाटत नसावें. म्हणूनच वर्णद्वेष म्हणजे मनांतली आग, अशी व्याख्या धरून त्यांच्याकडे पाहिलें तर ते निर्दोष सुटतील. परंतु दुसऱ्याचें हित त्याला न विचारतां ठरविणें, आणि नेमका तोच वर्ण पाहून ठरविणें, ह्याला सौम्य भाषा लाविल्यानें त्याचें स्वरूप पालटत नाहीं.

ही उपपत्ति खरी कीं खोटी, हें पारखण्याची वेळ १२ नोव्हेंबर १९१४ रोजीं आली. ट्रॉटर हे हार्वर्डचे नामांकित पदवीधर. ते एक शिष्टमंडळ घेऊन अध्यक्षांस भेटले आणि म्हणाले, पन्नास वर्षें गोरे व काळे कारकून एकत्र गुण्यागोविंदानें काम करीत आले आहेत. मग हा संघर्ष आला कोठून? विल्सन म्हणाले कीं, वेगळें ठेवणें हा अपमान नसून लाभ आहे, व तो तसाच मानला पाहिजे. ट्रॉटर ह्यांनीं तें मान्य केलें नाहीं. ते तोंडावर प्रतिवाद करीत राहिले. तेव्हां अध्यक्ष संतापले. तुमच्या बोलण्याचा सूर मला अपमानास्पद वाटतो, आणि तुमच्या संस्थेला पुन्हां भेटावयाचें असेल तर तिनें दुसरा प्रवक्ता शोधावा, असें त्यांनीं सुनावलें.

हा प्रसंग वाचकांनीं सावकाश डोळ्यांसमोर आणावा. ज्यांचीं मेजें पडद्याआड गेलीं त्यांचा अपमान तो अपमान नव्हे, लाभ. आणि एका सुशिक्षित माणसानें बरोबरीच्या नात्यानें प्रतिप्रश्न केला, तो मात्र अपमान! पुढें विल्सन ह्यांनीं आपले सहकारी जोसेफस डॅनियल्स ह्यांच्यापाशीं त्या भेटीविषयीं खेद व्यक्त केला. पण तो आपला तोल गेला व प्रकरण गाजलें ह्याबद्दल होता. पडदे कायम राहिले. पुढाऱ्याला आपल्या धोरणाचा घाव अजाणतां बसला असेल, तर घाव लागलेला मनुष्य समोर येऊन सांगतो तेव्हां त्याला थांबून विचार करण्याची संधि मिळते. त्या संधीचें तो काय करतो, ह्यापरता बोलका पुरावा दुसरा क्वचितच असेल.

दुसऱ्या बाजूची नोंद

न्यायासनावर बसावयाचें तर आरोपीच्या बाजूचाहि कागद वाचला पाहिजे. १९१४ सालीं दक्षिणेकडील सिनेटरांच्या विरोधास न जुमानतां विल्सन ह्यांनीं रॉबर्ट टेरेल ह्या कृष्णवर्णीय न्यायाधीशांस वॉशिंग्टनच्या न्यायालयांत पुन्हां नेमलें. १९१६ मध्यें लुई ब्रँडाइस ह्यांच्या रूपानें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयांत प्रथमच ज्यू न्यायाधीश बसविण्याचें श्रेय त्यांचेंच. २६ जुलै १९१८ रोजीं त्यांनीं जमावानें माणसें पकडून ठार मारण्याच्या राक्षसी प्रकारांचा जाहीर निषेध केला. ह्या गोष्टी खऱ्या आहेत व त्या नोंदींत राहिल्याच पाहिजेत. पण अभ्यास ही खूण लावून पाहावें: कोणती गोष्ट एकदां घडली, आणि कोणती पुनःपुन्हां? प्रिन्स्टनमध्यें असतां, १९०९ सालीं, एका कृष्णवर्णीय अर्जदारास तेथें येणें सर्वथा अयोग्य होईल असें कळविण्यांत आलें. १९१३ सालीं कचेऱ्यांतील पडदे, १९१४ सालीं छायाचित्रें व ट्रॉटर-प्रकरण, १९१५ सालीं तो चित्रपट. अपवाद तुटक आहेत. नियम सलग आहे.

उपसंहार पॅरिसचा. राष्ट्रसंघाच्या करारनाम्यांत सर्व राष्ट्रांच्या लोकांस समानतेनें वागविण्याचें तत्त्व घालावें, अशी सूचना जपानचे प्रतिनिधि माकिनो ह्यांनीं मांडली. ११ एप्रिल १९१९ रोजीं, म्हणजे त्या मंत्रिमंडळ-बैठकीनंतर बरोबर सहा वर्षांनीं, समितींतील सतरांपैकीं अकरा मतें तिच्या बाजूनें पडलीं. अध्यक्षस्थानीं विल्सन होते. अशा विषयांत एकमत पाहिजे, असा निर्णय देऊन त्यांनीं सूचना नामंजूर ठरविली. येथें मात्र आम्ही हात आंखडता घेतों. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान ह्यूज ह्यांचा कडवा विरोध, ब्रिटनची नाराजी आणि राष्ट्रसंघच मोडेल अशी भीति, हीं कारणेंहि त्या निर्णयामागें होतीं. म्हणून ह्या एकट्या गोष्टीवरून आम्ही त्यांना दोषी धरलें नसतें. मागील सहा वर्षांची ओळ जिच्यामागें उभी आहे अशी शेवटची खूण म्हणून ती घेतों, तीहि दुय्यम म्हणून.

राहिलें फल. तें भोगावें लागलें तें कृष्णवर्णीय कारकुनांस. बढत्या थांबल्या, कित्येकांस हलक्या कामांवर उतरविलें. जुन्या सरकारी नोंदी तपासून अर्थशास्त्रज्ञांनीं अलीकडे दाखविलें आहे कीं, त्या काळांत सरकारी नोकरींतील गोऱ्या व कृष्णवर्णीयांच्या मिळकतींतील अंतर वाढलें. एका पगारावर घर उभें करणाऱ्या मनुष्याला बढती नाकारली म्हणजे मुलाचें शिक्षण नाकारलें जातें, हें मध्यम स्थितींतील आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको.

सहाहि खुणा एकाच दिशेला बोट दाखवितात. विल्सन ह्यांचें अंतःकरण आम्ही पाहिलेलें नाहीं. परंतु त्यांच्या शब्दांचें व कृतींचें तात्पर्य वर्णभेदाचें होतें, असें म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. प्रिन्स्टन विद्यापीठानें २०१६ सालीं त्यांचें नांव आपल्या राज्यव्यवहार-विद्यालयास पुढेंहि कायम ठेवावें असें ठरविलें, आणि २०२० च्या जूनमध्यें फेरविचार करून तें काढलें. विद्वत्ता व राष्ट्रसंघाची कल्पना ह्यांचें श्रेय त्यामुळें नाहींसें होत नाहीं. दोन्ही रकमा वहींत राहतात. एकीनें दुसरी खोडावयाची नसते.

उलट टोकाचें उदाहरण

ही पद्धति केवळ दोष काढण्याची नव्हे, हें पाहण्यासाठीं राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन ह्यांच्याकडे ओझरतें पाहूं. हे टेक्सासचे. खाजगी बोलण्यांत कृष्णवर्णीयांविषयीं ते अत्यंत हीन शब्द वापरीत, ह्याबद्दल दुमत नाहीं. १९३७ सालीं कायदेमंडळांत आल्यापासून वीस वर्षें नागरी हक्कांच्या विधेयकांविरुद्ध त्यांनीं मत दिलें. केवळ शब्द व उपक्रम पाहणारा त्यांना विल्सनपेक्षां वाईट ठरवील. परंतु त्यांनींच १९६४ चा नागरी हक्कांचा व १९६५ चा मतदानाच्या हक्काचा कायदा दक्षिणेकडील आपल्याच पक्षबंधूंचा रोष पत्करून पार पाडला, आणि १९६७ सालीं थर्गूड मार्शल ह्या पहिल्या कृष्णवर्णीय न्यायाधीशांस सर्वोच्च न्यायालयांत नेमलें. त्यांच्या तोंडचे शब्द आम्ही क्षम्य मानीत नाहीं. ज्यांनीं ते ऐकले त्यांना ते लागलेच. पण एकाच्या मधुर वाणीनें पडदे उभारले गेले आणि दुसऱ्याच्या शिवराळ वाणीच्या काळांत ते कायद्यानें उतरले, ही गोष्ट केवळ बोलण्यावरून निकाल देणाऱ्यांनीं लक्षांत ठेवावी.

आपल्या दाराशीं

हें सर्व परक्या देशाचें म्हणून आपण सोडून देऊं शकत नाहीं. वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांत पडदे उभे राहत होते त्याच १९१३ च्या जुलैंत डॉ. भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठांत शिकण्यासाठीं न्यूयॉर्कला उतरले. पुढें १९१७ सालीं, एवढी विद्या संपादन करून, ते बडोद्यास नोकरीवर गेले, तेव्हां चपराशी त्यांच्या मेजावर कागद दुरून फेकीत, असें त्यांच्या चरित्रकारांनीं लिहिलें आहे. आणि राहण्यास जागा मिळण्याचीहि मारामार झाली. वर्ण व जाति ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हें आम्ही मानतों. पण मेजाभोंवतींचा पडदा आणि दुरून फेकलेला कागद ह्यांतील साम्य ओळखण्यास मोठें पांडित्य लागत नाहीं. १९४६ सालीं आंबेडकरांनीं ड्यू बॉइस ह्यांस पत्र लिहिलें, तेंहि हेंच साम्य जाणून.

"त्यांच्याच हिताचें आहे", "उगाच कटकट नको", "त्यांचें त्यांना बरें वाटतें": विल्सन ह्यांच्या उत्तरांतील हीं कारणें आपल्या घरांतहि बोललीं गेलेलीं आहेत. मोलकरणीचा कप कोनाड्यांत निराळा ठेवणाऱ्या घरांत कोणी तिला शिवी देतेंच असें नाहीं. बहुधा तेथें सर्व मंडळी तिच्याशीं गोडच बोलतात. म्हणून परदेशच्या पुढाऱ्याची परीक्षा करण्याची ही रीत घरच्या परीक्षेसहि लागूं करावी, असें आमचें सुचविणें आहे.

पुढच्या वेळीं पानावर असा वाद निघेल तेव्हां वडील व तरुण दोघांनींहि प्रथम चार गोष्टी विचाराव्या. हें वाक्य खरोखर त्याचें आहे काय? त्याच्या सहीनें काय घडलें? तें आधींपासून होतें कीं त्यानें आणलें? आणि ज्यांना तें सोसावें लागलें ते समोर आले तेव्हां त्यानें त्यांना बसावयास सांगितलें, कीं दार दाखविलें? उत्तरें मिळेपर्यंत निकाल राखून ठेवण्यांत कमीपणा नाहीं. तीं मिळाल्यावर मात्र, मनुष्य कितीहि मोठा असो किंवा आपल्या आवडीचा असो, निकाल देण्याचें टाळूं नये.